प्रेक्षकांची जीभ

पौषी पौर्णिमेच्या सुमारास नळदुर्गास मैलारपुरी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चारही बोली एकाच वेळी कानी पडतात. देवच असा की त्याची म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, आणि मुसलमान भक्त त्यालाच मल्लूखान म्हणून हाक मारतात. अशा गावी राहणाऱ्या माणसास बोली ऐकून माणूस ओळखण्याची सवय आपोआप जडते, आणि ओळखण्याच्या सवयीपासून हिणवण्याच्या सवयीपर्यंतचे अंतर फार थोडे असते. हे अंतर सर्वांत लवकर कोठे तुटते, असे कोणी आम्हांस विचारील, तर आम्ही 'खेळाच्या मैदानावर' असे उत्तर देऊ. कुस्तीचा फड असो, खो-खोचे अंगण असो, की माजघरातील दूरचित्रवाणीवर चाललेला क्रिकेटचा सामना असो. एरवी तोलून मापून बोलणारी माणसे तेथे जे बोलून जातात, ते त्यांचे त्यांनीच दुसऱ्या दिवशी ऐकले, तर ती कानांवर हात ठेवतील. या मासी त्याच विषयाचा थोडा विचार वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. प्रेक्षकाने तोंडास कुलूप लावून बसावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या फडात आरोळी नाही तो फड कसला? मल्ल नुसताच गोल फिरत राहिला तर लोकांनी त्यास डिवचावे, हातातोंडाशी आलेला झेल सुटला तर 'आज जेवून आला नाहीस काय रे?' असे खुशाल विचारावे. त्याने खेळाचे काही बिघडत नाही. खेळाची भाषाच मुळी लढाईची आहे. अमक्याने तमक्यास धूळ चारली, अस्मान दाखविले, फडशा पाडला, असे आपण रोज वाचतो आणि चहाचा घोट घेतो. 'गोलंदाज' हा शब्द तर थेट तोफखान्यातून मैदानावर आला. आमच्या किल्ल्याच्या बुरुजांवरून जे तोफा डागीत, त्यांचेच हे नाव. 'धोबीपछाड' म्हणताना कोणी परटास हिणवीत नाही. कपडा दगडावर आपटण्याच्या त्याच्या कसबाचीच ती आठवण होय. अशा शब्दांवर चाळण घेऊन कोणी बसेल, तर वर्तमानपत्राचे क्रीडापान कोरेच निघावयाचे. याच्या उलट 'चायनामन' हा शब्द पाहा. डावखुऱ्या गोलंदाजाच्या मनगटी फिरकीस हे नाव किती तरी वर्षे चालत होते, ऐकावयास त्यात शिवी अशी काहीच नाही. तथापि 'विस्डेन' या प्रसिद्ध क्रिकेट-वार्षिकाने २०१८ साली तो शब्द वापरणे सोडून दिले, कारण त्यात एका देशाच्या माणसांविषयीचा उपहास दडलेला होता. म्हणजे कठोर दिसणारा शब्द निर्दोष निघाला आणि साधा दिसणारा सदोष. निवाडा करावयाचा तो शब्द खेळाकडे बोट दाखवितो की खेळणाऱ्याच्या जन्माकडे, एवढ्यावरूनच करावा लागतो. (जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजीत 'बॅट्समन'चे 'बॅटर' करण्यास २०२१ साल उजाडावे लागले. आपल्या 'फलंदाज' शब्दात कोणी पुरुष घातलाच नव्हता, त्यामुळे आपणांस काही काढावे लागले नाही.)

या बाबतीत आपल्या लोकांची एक सोयीची समजूत आहे. हिणवणारे ते गोरे, आणि हिणवले जाणारे ते आपण, अशी ती समजूत. २००७ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाचा संघ येथे आला असता अँड्र्यू सायमंड्स या खेळाडूस, त्याच्या अंगी कॅरिबियन काळ्या लोकांचे रक्त आहे एवढ्याच कारणावरून, प्रथम बडोद्यास आणि मग १७ तारखेस मुंबईच्या वानखेडे मैदानावर काही प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढून व तसेच हावभाव करून दाखविले. हे प्रेक्षक कोठून आयात केलेले नव्हते. तिकीट काढून आलेले आपल्याच महानगरीतील लोक होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी सिडनीस कसोटी सामना झाला, आणि हरभजनसिंग याने सायमंड्सला तोच शब्द उच्चारला असा आरोप आला. तीन कसोट्यांची बंदी झाली, अपील झाले, न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे सुनावणी होऊन वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, आणि असभ्य भाषेबद्दल सामन्याच्या मानधनाचा निम्मा भाग दंड होऊन प्रकरण मिटले. आपल्या बाजूचे म्हणणे असे होते की, तो शब्द 'मंकी' नव्हताच. उत्तरेकडे उठता बसता तोंडी येणारी आईवरची शिवी तेवढी दिली गेली, आणि ऑस्ट्रेलियन कानांना ती तशी ऐकू आली. कायद्याच्या दृष्टीने न्यायमूर्तींचा निर्णय योग्यच असेल, त्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु 'माकड म्हटले नाही हो, नुसती आईवरून शिवी दिली' हे ऐकून आपल्याकडे जो सुटकेचा सुस्कारा सोडला गेला, तो आम्हांस अजून विसरता येत नाही. घरोघरच्या आयांना त्या दिवशी काय वाटले, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही.

तरीही शिवी बरी, असे म्हणण्याची पाळी पुष्कळदा येते. शिवी निदान आपले तोंड दाखवून येते. ती ऐकताच घरातील वडीलधारे दटावतात, मैदानावर पंच दटावतात, आणि वापरू नयेत अशा शब्दांची यादी केली तर ती यादीत सापडते. सापडत नाही तो साचा. आमचे हे मासिक ज्या घरांत जाते त्या घरांत शिवीगाळ क्वचितच ऐकू येत असेल, आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. पण 'त्या लोकांच्या रक्तातच जिद्द नाही', 'हा राखीव जागेवरचा दिसतो', 'मराठवाड्याकडचा गडी, त्याला बोलता कोठून येणार', 'बायकांचे क्रिकेट म्हणजे भातुकली', ही वाक्ये अत्यंत शुद्ध मराठीत आहेत. व्याकरणाची चूक नाही, असभ्य शब्द नाही. यादी करणारा त्यांच्यावरून डोळे फिरवून पुढे जाईल. 'वरणभात खाणारे काय कुस्ती खेळणार!' हेही त्याच जातीचे वाक्य होय. हे शेवटचे आपणांस बोचते, म्हणून आपल्या ते लक्षात राहते. बाकीची चार कोणास तरी अशीच बोचत असतात.

शब्दावाचून अपमान कसा करता येतो, याचे उदाहरण आपल्या पुण्यातच घडले आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगावयास हवे. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडास एका चांभार कुटुंबात झाला. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखण्याच्या नोकरीत असता त्यांनी डावऱ्या हाताची अशी गोलंदाजी कमावली की, साहेबांचे नामांकित फलंदाज सरावासाठी त्यांनाच चेंडू टाकावयास लावीत. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना गोऱ्या संघावर जय मिळवावयाचा होता, आणि तो बाळूंवाचून मिळणे कठीण होते; तेव्हा त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्यास विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली म्हणजे इतर मंडळी तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि ज्यांनी बळी घेतले ते बाळू बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून. येथे कोणी शिवी दिली? चहा देणाऱ्याने कदाचित अदबीनेच दिला असेल. पंचाने काय लिहून घ्यावे, असे त्यात काहीच नव्हते.

पुढे १९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हा बाळूंनी तेथे शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० च्या सामन्यांच्या वेळी बाळूंस संघातून वगळून पुण्याच्या देवधरांकडे संघाची सूत्रे देण्यात आली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी निषेध म्हणून खेळण्याचे नाकारले. प्रोफेसर देवधर थोर खेळाडू होते, यात वाद नाही. तो प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हताच. सर्वांत जुना, सर्वांत कर्तबगार गडी समोर असता निवड करणाऱ्यांची नजर त्याच्यावरून आपोआप पलीकडे का गेली, हा तो प्रश्न होता. गलबला झाला, समेट झाला, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. आणि १९२३ साली विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच विठ्ठलांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्या घरांतील कपाटांत क्रिकेटवरची पुस्तके पुष्कळ असतात. त्यांत हे किती ठिकाणी आढळेल, याचा वाचकांनी आपल्याशी अंदाज करावा.

हे सामनेच मुळी हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे पंक्ती मांडून होत. १९३७ साली पाचवा संघ आला, त्याचे नाव 'इतर'. सांगलीचे विजय हजारे धर्माने ख्रिस्ती, म्हणून ते 'इतर'! या 'इतरा'ने १९४३ साली हिंदूंविरुद्ध आपल्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. १९४० च्या डिसेंबरात वर्ध्यास गांधीजींना या सामन्यांविषयी विचारण्यात आले असता, महाविद्यालयांमधील वा संस्थांमधील सामने आपणांस समजू शकतात, पण धर्मावरून पाडलेले संघ समजत नाहीत, असा अभिप्राय त्यांनी दिला. १९४६ साली ते सामने बंद पडले. संघांची नावे बदलली. प्रेक्षकांच्या मनातील पंक्ती मात्र तशाच मांडलेल्या राहिल्या.

हे फार दूरचे वाटत असेल, तर २०२१ हे एकच साल घ्यावे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये तीन गोल करणारी ती पहिली भारतीय हॉकीपटू स्त्री. चारच दिवसांनी उपान्त्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून हरला, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके उडवून कुटुंबास जातीवरून हिणवण्यात आल्याची तक्रार पोलिसांत गेली. स्वतःच्या देशाच्या पराभवावर फटाके! पुढे २४ ऑक्टोबरला दुबईस पाकिस्तानने भारतास हरविले, आणि अकरा जणांपैकी नेमक्या महंमद शमीवर धर्मावरून गरळ ओतण्यास सुरुवात झाली. कर्णधार विराट कोहलीने काही दिवसांनी वार्ताहरांपुढे त्याची बाजू घेतली, तर कोहलीच्या तान्ह्या मुलीविषयी लिहू नये ते लिहिले गेले. त्या प्रकरणी ज्याच्यावर आरोप आला, तो निरक्षर गावगुंड नव्हता. उच्च शिक्षण घेतलेला अभियंता होता. शिक्षणाने जीभ आपोआप सुधारते, हा आपल्या वर्गाचा आवडता सिद्धान्त आहे. तो तपासून पाहावयास हवा.

त्या दुबईच्या सामन्याच्या रात्री आमच्या वाड्यातही माजघर भरले होते. सामना हातचा गेला तशी मंडळी चिडचिडी झाली, आणि पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या मोबाईलवर काही टिपता टिपता म्हणाला, "त्यांच्याकडून दुसरे काय व्हायचे!" दिवाळीच्या वाती वळीत बसलेल्या आत्याबाईंनी मान वर न करता विचारले, "त्यांच्याकडून म्हणजे कोणाकडून रे?"

"शमीकडून."

"तो तर एकटा. मग 'त्यांच्या' कसे म्हणालास?"

"आदरार्थी बहुवचन, आत्या!" पोर हजरजबाबी खरे. सगळे हसले, आत्याबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "असे होय! मग मघाशी बुमराहला 'तो' का म्हणालास? त्याच्याबद्दल आदर नाही वाटते?"

पोराने उत्तर दिले नाही. आत्याबाईंनी आणखी एकच विचारले. "त्या बुमराहने किती बळी घेतले?" बुमराहला एकही मिळाला नव्हता. शमीला नाही, जडेजाला नाही, कोणालाच नाही. पाकिस्तानने एकही गडी न गमावता १५२ धावा केल्या होत्या. पाच गोलंदाज सारखेच हात हलवीत परतले, आणि खापर फुटले ते एकाच्या डोक्यावर. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पुतण्याने जे काही लिहून टाकले होते, ते थोड्या वेळाने नाहीसे झालेले आम्ही पाहिले. त्याविषयी घरात पुन्हा कोणी अवाक्षर काढले नाही, आणि तेच बरे झाले. आत्याबाईंनी त्यास दटावले असते तर तो हट्टास पेटला असता. 'त्यांच्या म्हणजे कोणाच्या?' या साध्या प्रश्नाने त्याचे वाक्य त्याच्याच हातात ठेवले. शिवी दाबून टाकता येते. साचा मात्र असा उकलावाच लागतो, आणि ते काम ज्याच्याशी जेवणाखाण्याचे नाते आहे तोच करू शकतो. परक्याने केले तर त्यातून फक्त नवी भांडणे निघतात.

आता आमच्या भगिनींस विशेष परिचित असा एक वाक्प्रचार. पुरुष खेळाडू कच खाऊ लागला की 'बांगड्या भर!' हे ओरडणे आमच्या बाजूच्या प्रत्येक मैदानावर ऐकू येते, आणि ते ओरडणाऱ्यांत बांगड्या भरलेले हातही असतात. म्हणणाऱ्यास त्यात काही वावगे वाटत नाही, कारण हे वाक्य आजोबांपासून चालत आले आहे. याच धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पाठलाग चुकवीत पळणारी मुलगी एका श्वासात किती वेळा दिशा पालटते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना 'पोरींचा खेळ' हे शब्द उपहासाने उच्चारणे कठीण जाते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईस आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सांगलीच्या स्मृती मानधनाचे नाव त्या रात्री घराघरांत घेतले गेले. पण जिंकल्यावर नाव घेणे सोपे असते. पुढच्या पराभवात 'स्वयंपाकघर सांभाळा' हे वाक्य कोणाच्या तोंडी येते, इकडे घरातील मोठ्या माणसांनी कान ठेवावा.

कान ठेवावा म्हणजे हेरगिरी करावी, असा अर्थ नव्हे. आवरणाऱ्यासही आवर हवा, हे सिडनीच्याच दुसऱ्या एका प्रकरणावरून दिसून येते. २०२१ च्या जानेवारीत तेथील कसोटीत हैदराबादच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा महंमद सिराज सीमारेषेवर उभा असता प्रेक्षकांतून त्याच्या वर्णावरून शब्द आले. वडील वारल्याला दोनच महिने झाले होते, आणि तो त्यांच्या अंत्यदर्शनासही घरी गेला नव्हता. त्याने उलट शिवी दिली नाही. सरळ चालत येऊन कर्णधार अजिंक्य रहाणे यास सांगितले, आणि रहाणेने पंचांस सांगितले. खेळ काही मिनिटे थांबला. हवे तर मैदान सोडून जा, असा पर्याय पंचांनी दिला असता रहाणेने तो घेतला नाही. आम्ही खेळावयास आलो आहो, आम्ही का जावे, असे त्याचे म्हणणे पडल्याचे सिराजनेच पुढे सांगितले. पोलिसांनी सहा प्रेक्षकांस बाहेर काढले. सामना अनिर्णित राहिला, आणि पुढच्याच ब्रिस्बेनच्या कसोटीत सिराजने एका डावात पाच बळी घेऊन मालिका जिंकून देण्यास हातभार लावला, हे सर्वांस ठाऊक आहे.

फारसे ठाऊक नाही ते त्यानंतरचे. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने चौकशी केली, आणि भारतीय खेळाडूंना वर्णावरून हिणवले गेले हे मान्य करून क्षमा मागितली. पण ज्या सहा जणांस बाहेर काढले होते, ते शब्द त्यांचे नव्हते, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे ज्याने ते उच्चारले, तो त्या दिवशी शेवटच्या चेंडूपर्यंत आपल्या खुर्चीत बसून होता. त्याच्या उजव्या आणि डाव्या हातास बसलेल्यांनी ते शब्द ऐकले होते. ते काही बोलले नाहीत.